दोनदा हौ

बापूकाका,

शोकसभेत मी तुमच्याबद्दल खोटं बोललो. तेराव्यानंतरच्या रविवारी शिडाच्या होड्यांच्या क्लबच्या पत्र्याच्या शेडमध्ये खुर्च्या मांडल्या होत्या. तुमच्याबरोबर सगळ्यात जास्त दिवस पाण्यावर काढलेला माणूस म्हणून मला बोलायला उभं केलं. मी घसा खाकरला आणि म्हणालो, "काका जुन्या वळणाचे होते, पण हट्टी नव्हते. स्वतःच्या हातांनी केलेलं होडीचं डेक कापायला त्यांनी मला हसत हसत परवानगी दिली." लोकांना ते इतकं आवडलं की शोकसभेत टाळ्या वाजवायच्या नसतात हेही ते विसरले. पहिल्या रांगेत बसलेल्या काकूंनी डोळे पुसत मान डोलावली. मी खाली बसलो, आणि कुणीतरी माझ्या खांद्यावर थोपटलं.

तुम्ही हसला नव्हता. हसताना मी तुम्हाला पाहणार तरी कसा होतो? आपण फोनवर होतो. आणि परवानगीचं म्हणाल, तर तुम्ही ती दिली नव्हती, हे फक्त आपल्या दोघांना ठाऊक होतं. त्या सभेत ते मला एकट्याला ठाऊक होतं. म्हणून हे लिहितोय.

तुम्ही काही माझे सख्खे काका नव्हता. बरकतपुऱ्यात आपली घरं समोरासमोर. बाबा हायकोर्टात वकील, तुम्ही भूमापन खात्यात नकाशे काढायला. तुमचं माझं खरं नातं सुरू झालं ते मी चौतिशीत असताना. कुकटपल्लीतलं माझं अॅल्युमिनियमच्या खिडक्यांचं युनिट काम नसल्यामुळे बंद पडलं होतं आणि मी दिवसभर पायरीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याकडे बघायचो. येणारा प्रत्येक जण मला सल्ला देऊन जायचा. तुम्ही एकटेच असे, की फाटक उघडून आत आलात आणि विचारलंत, "पोहता येतं का रे?" मी म्हटलं, येतं. "मग रविवारी चल," एवढं बोलून तुम्ही गेलात. कुठे, कशाला, काही नाही.

असे बावीस वर्षांचे रविवार. युनिट पुन्हा सुरू झालं, चाललं, वाढलं. लोक म्हणतात मी चिकाटीने उभा राहिलो. चिकाटी कसली? हुसेनसागरच्या त्या हिरव्या, वास मारणाऱ्या पाण्यावर आठवड्यातून एकदा तुम्ही मला गप्प बसवत होता, म्हणून माझं डोकं ठिकाणावर राहिलं. हे मी तुम्हाला एकदाही बोलून दाखवलं नाही. मला वाटायचं, तुम्हाला कळतंय. माझ्या बऱ्याच गोष्टी मी अशा तुम्हाला कळतंय म्हणून सोडून दिल्या.

टिटवी म्हणजे चौदा फुटांची लाकडी होडी. सिकंदराबाद सोडून जाणाऱ्या एका फौजी अधिकाऱ्याने ती तुमच्या गळ्यात मारली होती. डोलकाठी लाकडी, कप्प्या पितळेच्या, आणि पुढचा भाग झाकणारं डेक पार कुजलेलं. त्याच सुमारास तुमच्या ऑफिसात कॉम्प्युटर आले आणि नकाशे काढायची सागवानी टेबलं लिलावात निघाली. तुम्ही त्यातली दोन उचललीत, त्यातलं एक तर तुमचं स्वतःचंच, ज्यावर वाकून तुमची मान कायमची पुढे आली होती. युसूफभाई सुतारांनी त्यांच्या पट्ट्या काढल्या आणि तुम्ही त्या एकेक मोजून, घासून, जुळवून होडीवर बसवल्यात. वरून पॉलिश, पण खालची बाजू तुम्ही मुद्दाम तशीच ठेवलीत. वारा पडला की आपण दोघं होडीत उताणे पडायचो, डोकी डेकखाली. मग तुम्ही कंपासच्या टोकाची भोकं, शाईचे डाग दाखवत म्हणायचा, "हे बघ, सगळा मेदक जिल्हा ह्या फळीवर काढलाय. आणि हा डाग आहे ना, हा मोठ्या साहेबाच्या चहाचा."

लोकांना वाटतं तुम्हाला बदल नको असायचे. मीही तसंच सांगत फिरलो, कारण ते माझ्या सोयीचं होतं. खरं म्हणजे टिटवीवर आपण किती बदल केले! मोठं शीड चढवायचा दोर पूर्वी डोलकाठीपाशी उभं राहून ओढावा लागायचा, होडी डुगडुगायची. तो आपण खाली कप्पीतून फिरवून डेकवरून मागे आणला, म्हणजे बसल्या जागेवरून ओढता येईल. शिडाखालची आडवी काठी डोक्यात बसायची, ती चार बोटं वर घेतली. पण तुमची रीत ठरलेली. आधी विषय निघायचा. मग तुम्ही नकाशा काढायचा, वरून, बाजूने, मापांसकट. तो घडी करून तीन रविवार शर्टाच्या खिशात. चौथ्या रविवारी तुम्ही तो उलगडायचा, मला म्हणायचा, "आता तू ह्यातली चूक काढ." मी चूक काढली की तुम्हाला कोण आनंद व्हायचा! माझा मात्र जीव जायचा. मी कारखानदार माणूस, सकाळी ठरवलं की संध्याकाळी माल बाहेर. मी वैतागून म्हणायचो, "काका, एक कप्पी सरकवायला महिना लागतो का?" तुम्ही म्हणायचा, "भोक पाडायला एक मिनिट लागतं. बुजवायला माणूस पुरत नाही."

आता ते हौचं. तुम्ही विसरला नसाल, पण मला ते लिहून काढल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. होडी वळवताना सुकाणूवरचा माणूस विचारायचा, "पलटू?" आणि पुढच्या शिडाचा दोर धरलेल्याने तयार असेल तर म्हणायचं, "हौ." एकदाच. तयार नसेल तर? "थांब" म्हणेपर्यंत उशीर होतो आणि "नक्को" वाऱ्यात अर्धंच ऐकू येतं. म्हणून तुमचा नियम होता, दोनदा हौ म्हणजे थांब. मी हसलो तेव्हा तुम्ही मलाच विचारलंत, "आपल्या गावात हौ हौ म्हणणाऱ्या माणसाने आजवर तुझं एक तरी काम केलंय का? एकदा हौ म्हणजे होकार. दोनदा हौ म्हणजे तुझं ऐकलं, एवढंच." बिनतोड होतं. शिंप्याला विचारा, प्लंबरला विचारा, इस्टिमेट मागा, "हौ हौ साब," आणि माणूस गायब.

तरी पहिल्याच वर्षी मी घोळ घातलाच. तळ्यातल्या बुद्धाच्या पुतळ्याजवळ मी सुकाणूवर होतो. मी ओरडलो, "पलटू?" तुमचा दोर अडकला होता. तुम्ही "हौ हौ!" म्हणालात आणि मी फिरवली. पुढच्या सेकंदाला टिटवी आडवी आणि आपण दोघं पाण्यात. पर्यटकांच्या लाँचमधून लोक टाळ्या वाजवत होते. विसर्जन होऊन आठवडाच झाला होता. तुम्ही वर आलात तर डोक्यावर कुठल्या तरी गणपतीच्या सांगाड्यातलं गवत. तोंडातलं पाणी थुंकून तुम्ही शांतपणे विचारलंत, "सुधीर, किती वेळा म्हणालो मी?" मी म्हटलं, दोनदा. "मग?" त्यानंतर इतक्या वर्षांत मी तो फरक ओळखायला एकदाही चुकलो नाही.

एकदाही नाही, काका. हे मी मुद्दाम सांगतोय.

तीन वर्षांपूर्वी तुमच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि तुम्ही घरी पडून होता. पावसाळी शर्यत दोन महिन्यांवर आली होती. आपल्या शेजारच्या सगळ्या होड्या फायबरच्या, हलक्या, आणि त्यांत टिटवी म्हणजे लग्नाच्या बुफेत पाट मांडून बसलेल्या एखाद्या आजोबांसारखी. दर वर्षी आपण शेवटून दुसरे यायचो आणि तुम्ही त्यावरही खूश असायचा. मी नव्हतो. मला जिंकायचं होतं. पुढचं लांब डेक दीड फूट कापलं, बसायची जागा मोठी केली, लाकडी डोलकाठीच्या जागी माझ्या युनिटमधली अॅल्युमिनियमची लावली, दोर गाठी मारून बांधायच्या लाकडी खुंट्या काढून दातांत दोर पकडणारे प्लास्टिकचे चाप बसवले, की होडी धावेल असा माझा हिशेब होता.

आणि मी तुम्हाला काय सांगितलं? "काका, तुमच्या गुडघ्यांसाठी करतोय. डेक कापलं की तुम्हाला आत उतरायला सोपं पडेल." ताकाला जाऊन भांडं लपवणं म्हणतात ते हेच. शर्यतीचं नावही मी घेतलं नाही. तुमच्या दुखण्याआड मी माझी हाव लपवली, ह्याची मला जेवढी लाज वाटते तेवढी त्या करवतीचीही वाटत नाही.

तो फोन मी कुकटपल्लीहून केला. मागे कटिंग मशीन चालू होतं. माझं बोलून झाल्यावर तुम्ही म्हणालात, "हौ हौ."

मशीनच्या आवाजात नीट ऐकू आलं नाही, असं म्हणायची सोय आहे. पण मला नीट ऐकू आलं. स्वच्छ, वेगवेगळं, दोनदा. मी "बरं मग, ठेवतो" म्हणालो आणि फोन घाईने बंद केला, तुम्ही आणखी काही बोलू नये म्हणून.

युसूफभाई करवत घेऊन आले, पण लावेनात. "बडे साब हौ बोले?" त्यांनी विचारलं.

"हौ बोले," मी म्हटलं. शब्दाला शब्द खरं.

"उनकू एक बार ला के दिखाते थे ना. टेबल उनकाच है."

"घुटने का आपरेशन हुवा उनका. कैसे आते?"

"फिर मैं जा के पूछ के आतूँ. स्कूटर है, बीस मिनट का काम."

"नक्को युसूफभाई," मी म्हणालो. "फोन पे हौ बोले ना."

मग त्यांनी करवत लावली. दुपारपर्यंत संपलं. कापलेल्या जागी मी पांढरा रंग दिलेलं प्लायवूड बसवून घेतलं, आणि मला ते फार स्मार्ट दिसलं.

शर्यतीत आम्ही दुसरे आलो. पहिले तरी यायचं! एवढं पाप करून दुसरे. माझ्या युनिटमधला इंजिनियर माझ्याबरोबर होता, त्याने फोटो काढून सगळीकडे टाकले.

दीड महिन्याने तुम्ही काठी टेकत क्लबवर आलात. मी तयारी करून ठेवली होती, एकेका बदलाचं समर्थन पाठ होतं. तुम्ही भांडला असता तर मी भांडलो असतो, आणि मला वाटतं, बरं झालं असतं. तुम्ही टिटवीभोवती एक फेरी मारलीत. उरलेल्या डेकखाली हात घालून चाचपलंत. कापलेल्या कडेवरून अंगठा फिरवलात, अगदी टोकापासून टोकापर्यंत. मग म्हणालात, "रंग चांगला बसलाय."

"चला की काका, एक चक्कर मारू."

"तू जा. आज वारा नाही."

वारा होता. मागे क्लबचा झेंडा फडफडत होता आणि तो आपल्या दोघांनाही ऐकू येत होता. त्यानंतर तुम्ही टिटवीत पाऊल ठेवलं नाही. विचारलं की म्हणायचा, गुडघा. रविवारी यायचा, कट्ट्यावर बसायचा, काकूंनी दिलेल्या दशम्या आणि चटणी मला खायला घालायचा. क्लबवर कुणी नवीन आलं की मी तुमच्यासमोर सांगायचो, "काकांना विचारूनच केलंय सगळं." तुम्ही ते कधी खोडून काढलं नाहीत. समोरचा माणूस तुमच्याकडे बघून हसायचा आणि तुम्ही तळ्याकडे बघायचा. मौन म्हणजे संमती, असं मी स्वतःला बजावायचो. तुम्ही मला लोकांत खोटं पाडलं नाहीत, आणि त्याबद्दल मी तुमचे आभार मानायच्याऐवजी तुमच्यावर चिडायचो. मनात म्हणायचो, बोलायचं असेल तर सरळ बोला की! तुम्ही सरळच बोलला होता. दोन शब्दांत.

आपला जुना वाद तर तसाच राहिला. डेक म्हणजे होडीचं झाकण, असं तुम्ही म्हणायचा. ते लांब असतं ते पाणी आत येऊ नये म्हणून. मी म्हणायचो, एवढ्याशा तळ्यात कसलं आलंय पाणी. मागच्या पावसाळ्यात भर वाऱ्यात टिटवीच्या नाकावरून पाणी सरळ आत आलं. मी एका हाताने सुकाणू धरून दुसऱ्या हाताने रंगाच्या डब्याने ते उपसत होतो. तुम्ही कट्ट्यावरून बघत होता. किनाऱ्याला आलो तेव्हा तुम्ही माझ्या हातात टॉवेल दिलात. "पाणी आलं का रे?" एवढंसुद्धा विचारलं नाहीत. मी म्हणालो, "पाऊस जोरात होता." पाऊस नव्हता.

मग तुम्ही गेलात, दुपारच्या झोपेतच. काकूंनी चहाला हाक मारली आणि तुम्ही उठला नाहीत. मी पोचलो तेव्हा तुमच्या चेहऱ्यावर कसलीही तक्रार नव्हती. मला रडू येईना. तुमचे पाय धरले तेव्हा काही तरी बोलायचं होतं, पण खोली माणसांनी भरली होती आणि त्या सगळ्यांना मी तुमचा लाडका म्हणून माहीत होतो.

गेल्या गुरुवारी काकूंचा फोन आला. "सुधीर, ये की जरा. ह्यांच्या पलंगाखाली एक ओझं आहे, मला वाकवत नाही."

पलंगाखालून मी ते ओढलं. जुन्या चादरीत बांधलेलं, जड. गाठ सोडली आणि आत लाकूड. सागवानी. टिटवीचं कापलेलं डेक, सगळेच्या सगळे तुकडे, धूळ पुसून, एकावर एक रचलेले.

"युसूफ देऊन गेला होता," काकू म्हणाल्या. "ह्यांनीच फोन करून मागवले. मी उघडून बघितलं नाही. आठवण म्हणून ठेवले असतील. तूच ने आता. बाकीची होडी तुझ्याकडेच आहे."

मी तुकडे फरशीवर मांडले. प्रत्येकाच्या खालच्या अंगाला तुमच्या अक्षरात पेन्सिलीने लिहिलेलं. डावं एक, डावं दोन, मधलं एक. प्रत्येकावर बाण, टोक कोणत्या दिशेला ते सांगणारा. कापलेल्या प्रत्येक कडेला बारीक अक्षरात, "करवतीत गेलं एक सूत." सगळ्यात खाली घडी केलेला नकाशा. वरून, बाजूने, मापांसकट. एक सुताच्या, म्हणजे इंचाच्या आठव्या भागाच्या, पट्ट्या घालून डेक परत कसं जोडायचं ते त्यात होतं. आणि उजव्या बाजूला, पूर्वी कधीच नव्हती अशी एक छोटी लाकडी पायरी काढलेली. दुखऱ्या गुडघ्याच्या माणसाला आत उतरण्यासाठी. डेक न कापता. त्यात मी चूक शोधली. खरंच शोधली. सापडली नाही.

कोपऱ्यात, जन्मभर फाइलींवर लिहिलेल्या त्या सरकारी वळणात, एक ओळ होती. "सुधीरकडून विचारणा झाल्यास द्यावा."

तीन वर्षं, काका. मी दर रविवारी तुमच्या दशम्या खात होतो आणि हा कागद तयार होता. मी एकदा नुसतं विचारायचं होतं. मी तुम्हाला कधी विचारलंच नाही. त्या फोनवरही नाही. मी फक्त कळवलं होतं.

"काय रे, काय झालं?" काकूंनी विचारलं.

मी फरशीवरच बसून होतो. म्हटलं, "काकू, काकांनी परवानगी दिली नव्हती."

"म्हणजे? तू तर म्हणालास, हो म्हणाले."

"हौ हौ म्हणाले होते."

काकू पलंगावर बसल्या. "मलाही चाळीस वर्षं तेच म्हणायचे. भाजी आणता का? हौ हौ. डॉक्टरकडे जाऊ या का? हौ हौ." बोलता बोलता त्या जराशा हसल्या. मग त्यांचं हसू थांबलं. "तुला कळलं होतं?"

"हो."

"तरी कापलंस."

"हो."

"आणि त्या दिवशी सभेत, सगळ्यांसमोर, ह्यांनी हसत हसत परवानगी दिली म्हणालास. मी मान डोलावली तेव्हा."

काकू रागावल्या नाहीत. त्यांनी नकाशा हातात घेतला, चष्मा लावला आणि ती कोपऱ्यातली ओळ वाचली. मग एक तुकडा उचलून मांडीवर घेतला आणि त्याच्या पॉलिश केलेल्या बाजूवर हात ठेवला. "हे मी घासलंय," त्या म्हणाल्या. "सगळं. तीन महिने, दुपारी स्वयंपाक आटोपल्यावर. हे वरचे दोन हात पॉलिशचे माझे आहेत. तू नव्हतास तेव्हा. ह्यांनी कुणाला सांगितलं नसेल, मीही नाही."

मला ते माहीत नव्हतं. बावीस वर्षं मी त्या डेकवर हात टेकत होतो.

मग मी विचारलं. बसलो होतो तिथूनच, नकाशात जसं लिहिलं होतं तसं, मागणी करणाऱ्या माणसासारखं विचारलं. "काकू, हे तुकडे मी नेऊ का? काकांच्या नकाशाप्रमाणे परत बसवू का?"

काकूंनी तुकडे एकेक करून चादरीत ठेवले, वर नकाशा ठेवला आणि गाठ मारली. गाठ घट्ट बसली की नाही ते दोनदा बघितलं. मला म्हणाल्या, "पलंगाखाली सरकव परत. विचार करून सांगते."

मी ते ओझं सरकवलं आणि निघालो. त्या घरातून काही न खाता मी पहिल्यांदाच बाहेर पडलो. आज चौथा दिवस. क्लबच्या सेक्रेटरीला मी खरं काय ते सांगितलं, आणि पुढच्या रविवारी सगळ्यांसमोर उभं राहून सांगणार आहे. टिटवीवर आवरण घातलेलं आहे, ते मी काढलेलं नाही. नकाशाचं सांगितल्यावर युसूफभाईंनी विचारलं, काम कब शुरू करना? मी त्यांना सांगितलं, अजून ठरलेलं नाही. मी काकूंना विचारलंय, त्यांचं उत्तर यायचंय.

तुमचा,
सुधीर